हव म्हणजे हो

पेन्शनवाल्यांनी घरबसल्या फोनवरून हयातीचा दाखला द्यावा, अशी सरकारी सोय आमच्या नागपूरच्या ऑफिसात तयार होऊन राहिली होती. प्रश्न मी लिहायची, उत्तर यंत्र ऐकायचं. त्याला उत्तरं दोनच शिकवलेली: हो आणि नाही.

मी आधीच म्हटलं, "सर, आपल्याकडे हो कोण म्हणतं? हव म्हणतात." सर अस्सल नागपूरचेच, पण खुर्ची मोठी झाली तशी त्यांच्या भाषेला इस्त्री बसली होती. "प्रमाण मराठीच राहील," म्हणाले. चुलीत गेली तुमची प्रमाण मराठी, मी मनात म्हटलं.

मग गावोगावी चाचणी सुरू झाली आणि भिवापूरहून काकूचा फोन आला. काका गेल्यापासून तिचं घर त्यांच्या पेन्शनवरच चालायचं. जन्मभर मिरच्यांचे देठ खुडून बोटांच्या रेषा झिजल्या, अंगठा मशीनवर उमटत नव्हता. उरला हा फोन.

"अवं पोरी, ते फोनातली बाई इचारते, आपण हयात आहात का? मी हव म्हटलं, तं तिले समजूनच नाही राहिलं! दाखला नाही गेला तं पेन्शन बंद होते ना वं."

"मग हो म्हण ना, काकू."

"काहून म्हणू? लग्नाच्या वक्ती इचारलं, तवाबी हवच म्हटलं होतं."

माझं डोकंच सणकलं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या साहेबांना ही सोय दाखवायची होती. दाखवताना मी मुद्दाम काकूलाच लाइनवर घेतलं आणि स्पीकर लावला.

"आपण हयात आहात का?"

"हव."

"क्षमस्व, उत्तर समजले नाही."

"हव वं माय, हव! जित्ती आहो म्हणून तं बोलून राहिली!"

"आपली नोंद होऊ शकली नाही."

साहेब गोंधळले. सर घाम पुसत म्हणाले, "खेड्यातली बोली आहे साहेब. शहरात असं कोणी बोलत नाही." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता, भाजी-कोथिंबीर आणायला सांगायला. सवयीनं कानाला लावला, "हव... हव वं, आणतो... सांभाराची जुडी पण? हव."

अवो बाप्पा, काय हसलो आम्ही! साहेबसुद्धा टेबलावर हात आपटून हसले. त्याच आठवड्यात यंत्राला 'हव' शिकवलं गेलं.

मी भिवापूरला गेले, काकूच्या शेजारी बसून नंबर लावला. प्रश्न आला. "हव," काकूनं दम भरला.

"धन्यवाद. आपण हयात असल्याची नोंद झाली आहे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूनं फोन माझ्या हातात दिला.

"मले तं माहीतच होतं," ती म्हणाली. "तिलेच कोणी सांगतलं नव्हतं."