लाल की हिरवा

"ही ऑप्टिक न्यूरोपॅथी आहे," धाराशिवचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस दुखावलेली. मी शेजारी बसलेल्या नणंदेकडं, सुमन वन्संकडं बघितलं. तोवर मला वाटत होतं, त्याच मला फसवताहेत.

फुप्फुसाचा टीबी निघाल्यापासून मी ढोकीला घरीच होते. गोळ्या चालू होत्या. वन्सं मदतीला आल्या आणि आल्या आल्या माझा पेला वेगळा ठेवला. तिथंच माझ्या मनात अढी बसली.

दुपारी वेळ जावा म्हणून त्यांनी आकड्यांचे रंगीत पत्ते आणले. एकच आकडा तीन वेगळ्या रंगांत, नाहीतर एकाच रंगाचे ओळीनं तीन आकडे जमले की खाली मांडायचे. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला.

सुरुवातीला मीच जिंकायचे. मग एकदा मी लाल पाच, सहा, सात मांडले.

"सहा हिरवा हाय की," वन्सं म्हणाल्या.

"लालच हाय!"

त्यांनी पत्ता उचलून निरखला. मला वाटलं, बदलला. पुढं रोजच असं व्हायला लागलं. मी त्यांच्या पदरावर, मांडीखाली नजर ठेवायचे. टीव्हीवरची अक्षरंही पुसट दिसायची, पण ते मी अशक्तपणावर ढकललं.

"रेखा, चल, डोळे दाखवून येऊ," वन्सं म्हणाल्या. ह्यातही काही डाव असंल, असं मनात आलं. तरी गेले.

दवाखान्यात रंगीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वन्संना दिसला, मला न्हाय.

"टीबीच्या इथॅम्ब्युटॉल गोळीनं क्वचित असं होतं. लाल-हिरवा ओळखू येत नाही," डॉक्टर म्हणाले. टीबीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी तेवढी गोळी थांबवली. "बाकीच्या गोळ्या चुकवू नका. वेळेत आलात, नजर बहुतेक परत येईल."

तुम्हीही ह्या गोळ्या घेत असाल आणि रंग फिके वाटले तर लगेच डॉक्टरांना सांगा. आपल्या मनानं मात्र काही बंद करू नका.

काही महिने गेले. एका दुपारी वन्संनी तीन नऊ मांडले.

"वन्सं, ह्यातले दोन लाल हायत."

त्यांनी पदर डोळ्याला लावला. "दिसलं व्हय गं तुला?"

मुद्दाम मांडले होते का खरंच लबाडी होती, हे त्या अजून सांगत नाहीत. मीही विचारायचं सोडून दिलंय.