काचांची पेटी घेऊन वऱ्हाडात

नाशिक सोडलं त्या सकाळी स्टेशनवर आम्हाला पोचवायला एकटी आई आली होती. चंपे, तू तिच्या कडेवर होतीस, तेव्हा तुला त्यातलं काही आठवणार नाही. तू मागच्या पत्रात विचारलंस की ताई, तुम्ही एवढ्या लांब गेलातच कशाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. तुझ्या मुलांनाही वाचून दाखव. त्यांच्यातलंही कुणी उद्या असंच लांब जाईल.

मामंजी स्टेशनवर आले नाहीत. सराफातल्या दुकानात गादीवर बसून राहिले. सोनाराच्या मुलानं दागिने घडवायचे सोडून तसबिरी काढायच्या, हेच त्यांना मान्य नव्हतं. आदल्या दिवशी म्हणाले होते, "चांदी अंगावर घालायची वस्तू. ती काचेवर फासून कुणाचं भलं झालंय?" ह्यांनी काचांची पेटी बांधून घेतली. ह्यांना तो नाद लागला होता एका गोऱ्या साहेबापायी. चांदी तेजाबात कशी विरघळवायची हे सोनाराच्या पोराला ठाऊक असणार, म्हणून साहेबानं ह्यांना हाताखाली घेतलं, आणि दोन वर्षांत हे कॅमेऱ्याचं सगळं काम शिकले. साहेब विलायतेला परत जाताना जुना कॅमेरा ह्यांनाच देऊन गेला.

वऱ्हाडच का, तर तेव्हा जो तो वऱ्हाडचंच नाव घेत होता. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिथं माणसांच्या हातात नवा पैसा आलाय, तिथं त्यांना आपला चेहराही बघावासा वाटेल, असं ह्यांचं गणित. आईनं माझी ओटी भरली आणि एवढंच म्हणाली, "तिकडची काळी माती पायाला चिकटली की सुटत नाही म्हणतात. बेतानं चाल हो." मी सतरा वर्षांची होते. गाडी हलली तेव्हा तू हसत होतीस, कारण इंजिनाची शिट्टी तू पहिल्यांदाच ऐकली होतीस.

आगगाडी तेव्हा भुसावळपर्यंतच होती. पुढे बैलगाडी. काचांची पेटी हादरू नये म्हणून हे सगळी वाट ती मांडीवर घेऊन बसले. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग यायची, एकामागून एक, संपतच नसे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांतला कापूस अडकून राहिलेला. काट्याकाट्यावर पांढरा पुंजका. मला वाटलं, इथल्या बाभळींनाही कापूसच येतो की काय!

अकोल्यात एका अडत्याच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी शेजारीण दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून आले वं तुमी इतल्या दूर? घरी कोनी खायले देत नव्हतं का?" मला वाटलं ही भांडायलाच आली. मी आत जाऊन रडले. घटकाभरानं तीच बाई ज्वारीच्या चार भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "रडून काय राहिली? खाय आधी." त्या बोलण्यातली माया ऐकू यायला मला सहा महिने लागले.

धंदा पहिल्यांदा काही चालेना. तसबीर काढली की आयुष्य कमी होतं, अशी बोलवा. मग एका अडत्यानं धीर केला, आणि तो दुसऱ्या दिवशी जिवंत दिसल्यावर बाकीचे आले. सगळे येत ते घरातलं होतं नव्हतं ते अंगावर घालून. एक तर शेला, पगडी, कंठी आणि वर हातात छत्री घेऊन बसला. हे त्याला हळूच म्हणाले, "छत्री राहू द्या, शेट. चेहऱ्यावर सावली पडतेय."

काम कसं असे ते सांगते. काचेवर एक चिकट औषध ओतायचं, ते साऱ्या काचेवर सारखं पसरवायचं. मग अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, माणसाला दहा आकडे हलू द्यायचं नाही, आणि काच वाळायच्या आत पुन्हा तंबूत पळायचं. वऱ्हाडच्या उन्हात काच पापणी लवायच्या आत वाळते. म्हणून आमचं काम सकाळीच. तयार काचेच्या मागं काळं कापड लावलं की तिच्यावर माणूस दिसू लागे. फक्त उलटा, आरशातल्यासारखा. एकदा एका शेटनं घरी नेलेल्या तसबिरीवरून गोंधळ झाला. भिकबाळी डाव्या कानात कशी आली, म्हणून त्याच्या आईनं ती काच घरातच घेतली नाही. तेव्हापासून हे काच पालथी करून मग मागं काळं लावू लागले.

खरी अडचण बायकांची होती. शेटलोकांना बायकांच्या तसबिरी हव्या होत्या, पण परक्या पुरुषासमोर बाई बसणार कशी? एका सकाळी हे मला म्हणाले, "तू शिकतेस का?" मी हसले. त्यांनी मला कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली घातलं. मागच्या काचेवर आमचं आवार दिसत होतं, पण सगळं डोक्यावर उभं! शेजारीण पाय वर करून धुणं वाळत घालत होती. मी इतकी हसले की तिपाई हलली.

पण हे मन लावून शिकवत. आधी अक्षरं शिकवली, कारण तेजाबाची बाटली आणि पाण्याची बाटली ओळखता आली पाहिजे. मी आज हे पत्र लिहितेय ते त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळे. मग बाकीचं. "उजेड माणसाच्या पाठीशी नको, कुशीला हवा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला तर माणूस जिवंत वाटतो." "डोक्यावर जरा जागा सोड, नाहीतर छपराखाली चेपल्यासारखा दिसेल." "हातांचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही, म्हणून हाताला काही तरी काम दे." आणि एक नेहमीचं, "आधी माणूस बघ, दागिने मग." माझी बोटं चांदीनं काळी पडली. आवारातल्या बायका म्हणत, "हे कोनतं मेंदीचं पान वं, नाशिकवाली?"

माघात हिवरखेडच्या एका पाटलांकडून बोलावणं आलं. भरपूर काळी जमीन, त्या वर्षी कापूसही भरपूर. पाटलांनी बायकोला नखशिखांत सोन्यानं मढवलं होतं आणि तशीच तिची तसबीर त्यांना हवी होती. दोन दिवसांची गाडीवाट. वाटेत एका नाल्यात गाडी अशी आपटली की बऱ्याच काचा फुटल्या. चांगल्या तीनच राहिल्या.

पाटलीणबाईंचं नाव भागाबाई. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, गंभीर. मागच्या परसात त्यांना बसवलं, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला. हे कुडापलीकडे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि तिथून ओरडून मला विचारू लागले, "उजेड कुठून येतोय? मान चिमट्यात बसली का? तिपाई नीट टेकलीय ना?" भागाबाईंना हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच पहिली काच गेली. दुसरी काच माझ्या घाईनं गेली, औषध एका कोपऱ्यात पोचलंच नव्हतं. आता एकच काच उरली होती. मी अजून कधीच एकटीनं पूर्ण काम केलं नव्हतं.

तेव्हा भागाबाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "बाई, येक सांगू? हे सारं सोनं काढून बसू का मी?"

मी म्हटलं, "पाटलांना दागिने हवेत ना?"

"त्याईले पायजे. मले नाई." त्यांनी आवाज खाली आणला. "माही लेक सारजा नागपूरकडे देली हाये. चार वर्सं झाले, तिचे सासरचे तिले धाडतच नाईत. लग्नातल्या मानपानावून रुसून बसले. हे तसबीर मी तिले धाडनार हाव. ह्या सोन्यात लेक मले ओयखन तरी का? ते सासरी गेली तवा माह्या अंगावर गळ्यातल्या मन्याबिगर काई नव्हतं."

कुडापलीकडून ह्यांचा आवाज आला, "काय झालं? का थांबलीस?"

मी पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं नाही. भागाबाईंना म्हटलं, "काढा."

त्यांनी एकेक दागिना काढून पदरात बांधला. आत जाऊन ते ठेवून, नेहमीचं लुगडं नेसून आल्या. मला वाटलं, हाताला काम दिलं पाहिजे. इथं बसून काय करायच्या, विचारलं तर म्हणाल्या, सारजाची वेणी घालायचे मी रोज इथंच बसून. मग मी त्यांच्या हातात फणी दिली. तिसऱ्या काचेवर औषध ओतताना मी देवाचं नाव घेतलं नाही, ह्यांचं वाक्य आठवलं, हळू, कोपऱ्यापर्यंत, हळू. दहा आकडे मोजले. भागाबाई पापणी न लववता बघत राहिल्या, कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या आरपार. तंबूत काचेवर तो चेहरा उमटायला लागला तेव्हा मी ओली काच हातात धरून त्या डोळ्यांतला उजेडाचा ठिपका शोधला.

पाटील भडकले. "दागिने कुठी हायत? इतलं सोनं केलं ते काय पेटीत ठेवाले?" हे पुढे झाले, चूक माझी, म्हणाले. मी म्हटलं, "चूक कुणाचीच नाही. मीच तशी काढली." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भागाबाई नवऱ्यासमोर काच धरून उभ्या राहिल्या. पाटील बराच वेळ बघत होते. मग बैठकीत जाऊन बसले. निघताना त्यांनी आमच्या गाडीत ज्वारीचं पोतं टाकायला सांगितलं.

परतताना मला वाटलं, हे रागावतील. अर्धी वाट गेल्यावर म्हणाले, "डोक्यावर जागा जरा जास्त सोडलीस." मग थोड्या वेळानं, "पण मी काढली असती तर अशी आली नसती."

पुढच्या वर्षी एक दिवस आमच्या दारात गाडी थांबली. भागाबाई उतरल्या आणि त्यांच्यामागून एक तरुण बाई, कडेवर मूल. सारजाच होती. ती मला म्हणाली, "बाई, काच पायली अन् मले समजलं, माय म्हातारी झाली. माह्या डोळ्यापुढं तर ते तशीच होती, कायाभोर केसाची. म्या सासऱ्याले सांगतलं, मी जाऊन राहिली, अडवा अडवता येईन तं." अडवलं नाही कुणी. तिची सासू तर म्हणे स्वतः गाडी जुंपायला सांगायला गेली. त्या दिवशी मी मायलेकींची एकत्र तसबीर काढली. बाळ हललं, त्यामुळे त्याला तीन हात आले. सारजा म्हणाली, राहू द्या, कामाचे हायत.

तोवर अमेरिकेतली लढाई थांबली होती. कापसाचा भाव पडला आणि अकोल्याचा बाजार एकदम शांत झाला. शेटलोक तसबिरीचं नाव काढेनात. अडते आवार सोडून गेले. पण मला बोलावणी येत राहिली, बायकांची, एका गावाहून दुसऱ्या गावाला. लेक सासरी निघाली की आई निरोप धाडायची, नाशिकवालीला आणा. देणं बहुधा ज्वारी, तूर, कधी तुपाचा गडवा. आमचं भागत होतं, पण ह्यांना ते लागत असे. त्यांच्या साहेबानं दिलेला कॅमेरा तुरीच्या डाळीवर चालतोय, असं ते म्हणत.

त्याच सुमारास नाशिकहून भावजींचं पत्र आलं. मामंजी थकले होते. त्यांनी बोलावलं होतं, दुकानात ह्यांची जागा अजून ठेवली आहे म्हणून. तसबिरींबद्दल एक अक्षर नव्हतं. चंपे, मामंजींनी पाठवलेलं ते पहिलं बोलावणं होतं. हे ते पत्र घेऊन ओसरीवर दिवसभर बसून राहिले. तोपर्यंत आगगाडी अकोल्यालाही आली होती, जाणं सोपं झालं होतं.

मी विचारलं, "जायचं का?"

म्हणाले, "तू सांग. तुझी माणसंही तिथंच आहेत."

मला तुम्ही सगळे आठवलात. गोदेचा घाट, आई, तुझं हसणं. आणि तरी मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात वलगावला जायचंय. एका माळणीच्या दोन मुलींची लग्नं आहेत." हे उठले. मग आत जाऊन काचा पुसायला बसले. आम्ही पुढे अमरावतीला आलो ते त्या वलगावच्या कामापासून. माळणीनं आपल्या मळ्याशेजारची जागा दाखवली आणि तिथंच आमचा तंबू कायमचा रोवला गेला.

मामंजींना मात्र आम्ही अंतर दिलं नाही. त्याच दिवाळीत गेलो. ह्यांनी गादीसमोर बसवून त्यांची तसबीर काढली. मामंजींनी ती उन्हात धरून पाहिली, नखानं कडा तपासली, सोनार वस्तू तपासतो तशी, आणि म्हणाले, "चांदी सारखी बसलीय." ह्यांना आयुष्यात मिळालेली सगळ्यांत मोठी शाबासकी तीच.

तू विचारतेस, ताई, तुमचं घर आता कुठलं? लोक मला इथं अजून नाशिकवाली म्हणतात आणि तिकडे आले की तुम्ही माझ्या बोलण्याला हसता, वऱ्हाडीण झालीस म्हणता. दोन्ही खरं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण मी ह्यांच्याकडे बघते. नाशिकला जायचं ठरलं की महिनाभर आधी ह्यांची तयारी सुरू होते. धाकट्यांसाठी काय न्यायचं, कुणाकडे किती दिवस राहायचं. स्टेशन आलं की डब्याच्या दारात उभे राहतात. पहिल्या दिवशी त्यांच्या आईच्या हातचं जेवून दुपारी गाढ झोपतात. आणि दहाव्या दिवशी हळूच मला विचारतात, आता आपल्या घरी कधी जायचं?

माहेर फक्त बायकांना असतं, असं आपण म्हणतो. वऱ्हाडात येऊन ह्यांनाही एक मिळालं, नाशिकचं. आणि घर म्हणशील तर, जिथून माहेरी जाता येतं ते.