कोरडी टाकी आणि भिजलेले वाल

मंडळी, मी इथे रोज वाचायला येते, लिहिते आज पहिल्यांदा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं नातवंडांच्या पुस्तकांवर शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. भुताखेतांचं म्हणाल तर... सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव, तालुका मुरबाड. लग्न होऊन आल्यापासून त्या रानातून एकटीने लाकडं आणलीत. कधी काही दिसलं नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी म्हणायची, बाई, रात्रीचं जरा हलकं जेवत जा.

आता घर नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन भावांची दोन घरं, मधे भिंत, पण वर स्लॅब एकच. जिना आमच्या पडवीतून. पलीकडच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई एकट्या राहतात. आमच्या दोघींचेही मालक गेले. त्यांची मुलगी शहापूरला दिलेली. त्यांचं एक छोटं शेत आहे, भात निघालं की त्यात वाल टाकतात आणि पुढच्या सालाचं बियाणं वर गच्चीवरच सुकवतात. दुसरीकडे ऊन लागेल अशी जागाच नाही त्यांना.

माझा मुलगा महेश, त्याने गच्चीवर सोलर बसवलं. गरम पाण्याची मोठी टाकी. सुरुवातीला काय ते कौतुक! मग यंदा वाल काढणीच्या सुमारास टाकी गळायला लागली. संध्याकाळी बघावं तर टाकी अर्धी, आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात ओलं. तो कोपरा जाऊबाईंच्या बाजूचा. आता गवंड्याने उतार काढलाय आमच्या परसाकडे. पाणी सांडलं तर आमच्याकडे वाहायला हवं ना? ते उलट चढून तिकडे कसं जाईल?

माझ्या मनात लगेच आलं — जाऊबाई दुपारी मी पडले की वर जातात आणि बादली भरून नेतात. मागितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? विचारलं नाही मी, पण जिन्यावर पाऊल वाजलं की कान तिकडेच.

मुरबाडहून प्लंबर आणला. त्याने वॉशर बदलले, सांधे तपासले, म्हणाला टाकी कुठेच गळत नाही. माझा विश्वास बसेना. मी चुलीतली राख टाकीखाली पसरली. दुसऱ्या दिवशी राख कोरडी ठणठणीत, आणि कोपरा ओला. हात लावला तर कोमट.

मग वालांचं झालं. जाऊबाईंनी सकाळी त्या कोपऱ्यात बियाणं पसरलं होतं, कोरडं खडखडीत. संध्याकाळी गोळा करायला गेल्या तर वालांना मोड! बिरड्याचे वाल ज्याने भिजवलेत त्याला विचारा — रात्रभर कोमट पाण्यात, मग फडक्यात बांधून आणखी एक दिवस, तेव्हा कुठे मोड दिसतात. इथे दिवस मावळायच्या आत.

जाऊबाई सूप घेऊन तशाच माझ्या दारात आल्या. मी मोडाचे वाल आणून त्यांच्या वालांशी बदलले असं त्यांचं म्हणणं. म्हणाल्या, "इंदे, भांडायचं असंल तं तोंडाने भांड गो. बियाण्याने काय केलंय तुझं?" आणि मला वाटलं, यांनीच घरात भिजवून वर नेऊन ठेवलेत, माझ्या टाकीला नावं ठेवायला. बोलाचाली झाली ती काही इथे लिहीत नाही.

महेशने दुसऱ्याच दिवशी विटा आणून टाकल्या. गच्चीवर मधोमध भिंत घालायची, जिन्याला कुलूप. त्यांनी हवं तर त्यांच्या बाजूने शिडी लावावी म्हणाला. गुडघे दुखणाऱ्या बाईने शिडी चढायची! मला ते टोचलं, पण अडवलं नाही. टाकीही त्याने सकाळी उतरवून दुकानात पाठवली बदलून आणायला, वर येणारा पाइप बूच मारून बंद केला.

जाऊबाई खाली विटा बघून गेल्या आणि दुपारी परत आल्या. म्हणाल्या, भिंत घाल, पण आधी एकदा माझ्यासमोर बस. वाल तुझे आण, म्हणजे मी बदलले म्हणशील ती वाट बंद.

मी माझ्या डब्यातले मूठभर नेले. कोपऱ्यात ठेवले आणि दोघी समोरासमोर बसलो, एकमेकींच्या हातांवर नजर ठेवून. लख्ख ऊन. टाकीच्या जागी नुसते चार बोल्ट. सुरुवातीला त्या मला टोमणे मारत होत्या, माझी सोलरवाली अंघोळ काढत होत्या, मीही सोडत नव्हते.

आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

वालांखालची फरशी काळसर होत होती. मधून बाहेर, गोल. वरून थेंब नाही, बाजूने ओघळ नाही. वालांच्या साली सुरकुतल्या, मग फुगल्या. आम्ही दोघी उठलोच नाही. ऊन कठड्यावर गेलं तेव्हा एका वालाला पांढरा मोड दिसला... मग सगळ्यांना.

जाऊबाईंनी बोट लावलं. "गरम हाय गो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तूच असतीस तं बरं झालं असतं."

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. त्या चोर निघाल्या असत्या तर मी दोन दिवस भांडले असते, तिसऱ्या दिवशी बिरडं पाठवलं असतं. हे जे काय आहे, त्याच्याशी कसं भांडायचं?

नवीन टाकी आली, खाली परसात बसवली. ती गळत नाही. तो कोपरा अजून अधूनमधून ओला होतो. स्लॅबवाल्याला दाखवलं, शिकलेल्या माणसांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि एकानेही तिथे वाल ठेवून बसायची तयारी दाखवली नाही. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर लिहा. फक्त वय झालं म्हणू नका, बघणाऱ्या आम्ही दोघी होतो.

भिंत मात्र झाली नाही. त्याच संध्याकाळी महेश गवंड्याला फोन लावत होता. जाऊबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"भिंत नको घालू गो इंदे," म्हणाल्या. "तो कोपरा मना एकटीच्या वाट्याला देऊ नको."

मी महेशच्या हातातून फोन काढून घेतला.