शोकेसमधला वॉकमन

चैत्रातल्या दुपारी नांदेडच्या आमच्या घरात कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड गंध खिडकीतून आत येतो आणि पुढच्या खोलीतल्या शोकेसची काच सरकवली की त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास मिसळतो. त्या काचेआड माझ्या रुखवतातला वॉकमन, खोक्यासकट, वरचं प्लॅस्टिकही न फोडलेला, लग्नापासून बसून होता. उमरीला शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांनी तो मोठ्या हौसेने दिला होता, सोबत भावगीतांची एक कॅसेट. सासूबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "कानाला हे लावून बसलीस तर हाक मारल्याली ऐकू येईल का तुला?" आणि वॉकमन शोभेच्या वस्तूंत जाऊन बसला.

मला त्याचा फार राग येई. प्रश्न गाण्यांचा नव्हताच. ती रेडिओवरही लागत. मला हवा होता तो दिवसातला एवढासा वेळ, ज्यात कुणी बोलावलं तरी मला कळणार नाही.

परवा लातूरहून माझा भाचा, नणंदेचा मुलगा, आला. जुने वॉकमन जमवायचा त्याला भारी नाद. शोकेसपुढे तो देवापुढे उभं राहावं तसा उभा राहिला.

"मामी, सीलबंद पीस आता बघायला भेटत न्हाई. मला द्या, मी जिवापाड जपतो. फक्त उघडू नका. उघडला की संपलं."

म्हणजे इतकी वर्षं वाजला नाही, म्हणूनच तो मोलाचा ठरला होता. मला हसूच आलं. न वापरलेल्या यंत्राला संग्राहक मिळतो. न पुरवलेली हौस कोण जमवतं? आणि काचेआडच बसायचं, तर त्यासाठी लातूरला कशाला जायला हवं? मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि भाचा नको नको म्हणत असताना प्लॅस्टिक चिरलं.

सेल घातले, पण कॅसेट फिरेना. नुसतं पडून राहून आतला रबरी पट्टा विरघळून गेला होता. भाच्याचा चेहरा उतरला. तरी असले पट्टे तो बॅगेत बाळगतोच. कापसाने चिकटा पुसून त्याने नवा बसवला.

"वाजंल आता. पण ह्याला कुणी विचारणार न्हाई, मामी."

"मी विचारीन की," मी म्हणाले.

उन्हं कलल्यावर खुर्ची खिडकीशी ओढून मी हेडफोन कानांवर चढवला. आधी नुसती खरखर, मग एक सूर, किंचित थरथरत, पण थेट माझ्या एकटीसाठी आलेला. समोर पलंगावर बसलेल्या सासूबाई आता थकल्या आहेत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे ओठ हलले, पुन्हा हलले. माझा हात सवयीने कानाकडे गेला. मी तो परत मांडीवर आणून ठेवला. मग त्यांनीच हाताने 'बस, बस' अशी खूण केली आणि भिंतीचा आधार घेत त्या सावकाश आत गेल्या.

कॅसेटची बाजू संपेपर्यंत मी उठले नाही. त्यांना काय हवं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही आणि त्यांनीही सांगितलेलं नाही.