विहिरीवरच्या इंजिनाची बहीण

जुन्या मोटारसायकलींची प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना माझा सरळ सवाल आहे : या गाड्या काम काय करायच्या, हे तुमच्या एकाही पाटीवर का लिहिलेलं नसतं? परवा नाशकात असंच एक प्रदर्शन बघितलं. गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांचं क्रोम लखलखीत. कोपऱ्यात एक डिझेलची बुलेट होती. पाटीवर ‘दुर्मिळ’ आणि त्याखाली ‘हात लावू नये’. मी लावला. टाकी गार, तेलाचा वास नाही, मागचं कॅरिअर कापून टाकलेलं. कॅरिअरच कापलं तर तुम्ही जतन काय केलंत? रंग?

आमच्या घरी अशीच एक होती. आमचं शेत पंचवटीच्या बाहेर, मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती देवळ्याच्या एका कांदेवाल्याकडून जुनी आणली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. डिझेलवर चालणारी मोटारसायकल आमच्या वस्तीनं तोवर पाहिली नव्हती. पंपावर आबा गाडी ट्रकांच्या मागं लावायचे आणि पंपावरचा माणूस दर वेळी हाका मारायचा, “ओ काका, टू-व्हीलर इकडं!” आबा नुसती मान हलवायचे. समजावून सांगून ते थकले होते.

तिचं रूप सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखी होती तिची चाल. धाव नाही, घाई नाही. मागं झेंडूची पोती, पोत्यांवर आडवी टोपली, आणि ती आपली धप्-धप्-धप् करत चढ चढणार. नव्या चपळ गाड्या तिला मागं टाकून जायच्या, पण त्या गाड्यांवर एक पोतं लादून दाखवा म्हणावं. लिटरभर डिझेलवर ती इतकी जायची की डिझेल सरतंय तरी का, ते आबा टाकीचं झाकण उघडून आत बघायचे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. थांबवायला किल्ली लागत नसे. हँडलजवळची छोटी लिव्हर ओढली की इंजिनाचा दाब निघून जायचा आणि ते एक उसासा टाकून गप्प व्हायचं.

पंचवटीत, गोदावरीच्या म्हणजे आमच्या गंगेच्या काठच्या गल्ल्यांत, तिचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा. रिक्षावाले कोपऱ्यावरून ओरडायचे, “काय आबा, पिठाची गिरणी घेऊन निघाले का?”

“हा! दळण हाय का तुझं?”

“आमचंच दळण निघालंय आबा, गंगेवर ट्राफिक केलं तुम्ही.”

चालवायला मला आबांनीच शिकवलं, बांधाच्या कडेच्या गाडीवाटेवर. मी अकरावीत होते. किक ते मारायचे, मी बसायचे. पुढं लायसन्स काढलं आणि फुलं घेऊन, आबांना मागं बसवून मार्केटला जायला लागले, तरी किक आबांचीच. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं : वजन उचलायचं नाही, किक तर नाहीच.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ती गाडी तशीही नकोच होती. त्याला बटणावर चालू होणारी, बाकीच्या पोरांकडं असते तशी गाडी हवी होती. त्यानं शहरातलं एक गिऱ्हाईक गाठलं. हा माणूस जुन्या गाड्या गोळा करायचा. येऊन त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आणि पहिलं वाक्य काय बोलला? “काका, हे कॅरिअर आम्ही काढून टाकू हां, लुक जातो.”

मला तिथंच संताप आला. ज्या कॅरिअरवर माझ्या शाळेच्या वह्या आल्या, आई आजारपणात दवाखान्यात गेली, त्यानं म्हणे गाडीचा लुक जातो! मी म्हटलं, “विकायची नाही. फुलं मी नेते की मार्केटला.”

“अन् किक?” दादा हसला. “किक मारायला माणूस ठेवणार का तायडे?”

आबा म्हणाले, “पोरगी एकटी चालू करील तर राहू दे. नायतर दसऱ्याला द्यायची. चांगला दिवस हाय.” गिऱ्हाइकानं हसून मान डोलावली. त्याला खात्रीच होती.

दसऱ्यापर्यंत मी रोज संध्याकाळी त्या गाडीशी भांडले. सगळा जोर लावून किक मारायची, आणि ती अर्ध्यातून उलटी यायची. नडगीवर असा फटका बसायचा की डोळ्यांपुढं तारे. दादाचे मित्र कट्ट्यावर बसून शिकवायला तयार. ज्ञान फुकट होतं. एक म्हणाला चोक ओढ. दुसरा म्हणाला अॅक्सिलरेटर पिळ. तिसरा तर पाना घेऊनच उतरला.

“प्लगमध्ये कचरा असंल. काढून पुसून देतो.”

तो इंजिनाच्या या बाजूनं वाकला, त्या बाजूनं वाकला, खाली झोपला. प्लग काही सापडेना.

आबा ओट्यावरून म्हणाले, “सापडला का रे?”

“नाय ना आबा. आत गेलाय वाटतं.”

“डिझेलला प्लग नसतो बाळा. ये, चहा पी.”

सगळे खदाखदा हसले. मीही हसले, पण मला हेही कळलं की मी आजवर याच लोकांचं ऐकून किक मारत होते. बुलेट आहे म्हणजे बुलेटसारखी, पुरुषासारखी, दणका देऊन. कुणी सांगितलं होतं असं? कट्ट्यानं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं अवजारं धुऊन मांडतात : विळे, कुदळी, फवारणीचा पंप, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा हँडल, आणि बुलेट. हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत कशाला हात लावायचा नाही. यंत्राला विश्रांती. फुलंसुद्धा त्या दिवशी भाड्याच्या टेम्पोनं जायची. म्हणजे माझा सरावाचा शेवटचा दिवस गेला. मी चिडले. “उद्या गाडी जाणार आणि आज तिला आराम! हा कसला न्याय?”

आई बुलेटच्या टाकीवर कुंकू लावत होती. मागं न वळता म्हणाली, “अगं, तिच्याशी कुस्ती काय खेळतेस? विहिरीवरचं इंजिन रोज तूच चालू करतीस ना? का ते कट्ट्यावरची पोरं येऊन करत्यात?”

विहिरीवरचं इंजिन! आठवीपासून मी आणि आई ते चालू करायचो. एकीनं लिव्हर उचलून धरायची, म्हणजे दाब राहत नाही. दुसरीनं हँडल फिरवायचा, आधी सावकाश, मग जोरात. चाक वेगात आलं की “सोड!” म्हणायचं आणि लिव्हर पाडायची. इंजिन स्वतःच उचल घ्यायचं. जोर लागतच नाही, वेळ साधावी लागते. आणि इथं समोर, माळ घालून, त्याच इंजिनाची बहीण उभी होती. तीच लिव्हर, तोच एकुलता सिलिंडर. फक्त हिला दोन चाकं होती, म्हणून मी तिला गाडी समजत होते.

तरी त्या दिवशी हात लावला नाही. आई लावू देणार नव्हती, आणि खरं सांगते, माळ घातलेल्या गाडीला मलाही लावावासा वाटला नाही.

दसऱ्याला उजाडलं तेव्हा शेवटची फुलं तोडून पोती भरली होती. गिऱ्हाईक नऊला येणार होतं. मी गाडी स्टँडवर घेतली, डाव्या हातानं लिव्हर ओढून धरली आणि किक नुसतीच खाली-वर केली, तेल फिरेपर्यंत. गाडी आतून मोकळी होत गेली. आई पोत्याचं तोंड शिवत होती. सुई थांबली. मी पुरती उभी राहिले, अंगाचं वजन किकवर सोडलं, आणि पाय अर्ध्यात असताना आई म्हणाली, “सोड!”

सोडली. धप्. मग काही नाही. मग धप्-धप्-धप्, आणि काळ्या धुराचा एक गोळा तुळशीवरून निघून गेला. दादा दात घासता घासता बाहेर आला आणि ब्रश तोंडात धरून उभा राहिला. आबांनी माळ नीट केली, म्हणजे ती हँडलमध्ये अडकू नये, आणि पोती बांधायला दोर दिला.

पंचवटीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मला एकटीला बघून ओळखीचा रिक्षावाला ओरडला, “आज गिरणी पोरीच्या ताब्यात का?”

“कायमची!” मी म्हटलं. घरी काय घडलं हे मला अजून ठाऊक नव्हतं, पण म्हटलं.

घरी काय घडलं ते आईनं सांगितलं. गिऱ्हाईक मित्राला घेऊन आलं, हातात पेढ्यांचा पुडा. अंगणात फक्त तेलाचा डाग आणि झेंडूच्या पाकळ्या.

“काका, गाडी कुठंय?”

“कामाला गेली,” आबा म्हणाले.

“परत कधी येईल?”

“येईल की काम झालं की. अन् उद्या परत जाईल.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला म्हणे. पेढे मात्र तो आमच्याकडंच ठेवून गेला. एवढं मी त्याच्या बाजूनं लिहीन.

पुढं मी शेतकऱ्यांच्या चळवळीत पडले, तेव्हा त्याच कॅरिअरवर फुलांच्या जागी पत्रकांचे गठ्ठे आले. नांदगावपर्यंत गेलेय मी तिच्यावर. गावात शिरलं की लोक आपोआप बाहेर येतात, पत्रकासाठी नाही, आवाजासाठी. एकदा गंगेच्या प्रदूषणावर बोलत होते, तर मागून एक म्हातारा म्हणाला, “ताई, आधी तुमच्या गाडीचा धूर बघा.” बरोबर बोलला. त्या आठवड्यात मी तिचा डिझेल फवारणारा नोझल साफ करून घेतला.

आणि परवाच्या त्या प्रदर्शनात, मी कॅरिअरवरून भांडत असताना, संयोजक अगदी आपुलकीनं म्हणाले, “तुमच्याकडं चालू स्थितीतली आहे? मग आणा की पुढच्या रविवारी, इथं मधोमध उभी करू.”

मी म्हटलं, “रविवारी नाही जमणार. तिला शेवंती न्यायची आहे.”