समुद्र आटायची वाट पाहणारे दर्याभाऊ

"उतरा खाली! सारेच्या सारे उतरा! आषाढात समुद्राले जाते काय कोणी?"

दर्याभाऊ दोन्ही हात पसरून भर रस्त्यात जीपपुढे उभे होते. जीपमध्ये आमच्या गावचे गुरुजी, त्यांची बायकोपोरं आणि टपावर ताडपत्रीखाली बॅगा. बिचारे चार दिवस कोकण बघायला निघाले होते.

"अहो भाऊ, गाडी चुकेल आमची," गुरुजी काकुळतीला आले.

"चुकू द्या! एक चुकली तं दुसरी भेटते. तिथी सांडवा चालू झाला तं कोनत्या झाडावर चढसान? नारळाच्या? चढता येते का तुमाले?"

गुरुजींना नारळावर चढता येत नव्हतं. जीप माघारी फिरली.

दर्याभाऊंच्या आवाजापुढे कोणाचंच चालायचं नाही. आमच्या तालुक्याच्या गावी, सावलीला, बाजारात त्यांनी हाक मारली की ती वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जायची, तिथं चहा घ्यायची आणि परत यायची. मी ती जाताना ऐकली आहे आणि येतानाही. पण खरी गंमत वेगळीच होती. समुद्राला कोणत्या महिन्यात जावं आणि कोणत्या महिन्यात जाऊ नये, हे साऱ्या तालुक्याला बजावणाऱ्या या गृहस्थांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

त्यांनी पाहिला होता तो आमचा तलाव. धानाच्या बांध्यांना पाणी देणारा, आणि त्यांच्या घराला चार पिढ्या मासे देणारा. त्या तलावावर त्यांनी अख्खा समुद्र बसवून टाकला होता. "लहान असो का मोठा, पान्याचा स्वभाव एकच," असं ते म्हणायचे. म्हणून पावसाळ्यात समुद्राला जायचं नाही, कारण तो भरून सांडव्यावरून वाहतो. हिवाळ्यातही नाही, कारण थंडीत मासा तळाशी जाऊन बसतो, मग तिथं जाऊन नुसतं पाणी काय बघायचं? जायचं ते वैशाखात. तेव्हा समुद्र आटतो, मधे डबकंभर पाणी उरतं आणि मोठमोठे मासे त्यात दाटीनं उभे राहतात, लग्नाच्या पंगतीसाठी पाहुणे खोळंबून उभे राहतात तसे. हे ते इतक्या खात्रीनं सांगायचे की मी दहावीला भूगोलात पास झालेला माणूस, मलासुद्धा दोनदा नकाशा उघडून बघावा लागला.

समुद्राचं हे खूळ मुळात त्यांचं नव्हतंच, ते वहिनींचं. वहिनी जिवतीच्या डोंगरातल्या. माहेरी पाण्याच्या एका गुंडासाठी, म्हणजे हंड्यासाठी, कोसभर उतरायचं आणि कोसभर चढायचं. लग्न होऊन आल्यावर तलाव पाहून त्या हरखल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ज्याचा पल्याडचा काठच दिसत नाई, असं पानी मले एकदा दाखवजा." दर्याभाऊंनी तिथल्या तिथं शब्द दिला, तोही असा ओरडून की पल्याडच्या काठावरची बगळ्यांची रांग उडाली. त्या दिवसापासून गावानं त्यांना दर्याभाऊ केलं, मूळ नाव रेशनकार्डावरच काय ते उरलं.

शब्द दिला, पण अडचण मोठी होती. समुद्राचा जो हंगाम, तोच तलावाचा. वैशाखात आमचा तलाव उतरतो, मोठं जाळं पडतं, आणि वर्षाची मासोळी त्या पंधरा दिवसांत निघते. जाळ्याचा दोर दर्याभाऊंच्या हातात असल्याशिवाय गावात कोणी पाण्यात पाय घालत नसे. सावलीत माझं झेरॉक्सचं दुकान. रेल्वेची तिकिटंही मीच काढून देतो. दरवर्षी होळी झाली की भाऊ यायचे. "दोन तिकिटं काढ गा, वैशाखातली." अक्षय्य तृतीया आली की पुन्हा यायचे, आणि या वेळी आवाज असा असायचा की मला कान पुढे करावा लागे. "यंदा राहू दे. तलाव उतरून राह्यला." वहिनी भरलेली पिशवी मुकाट्यानं रिकामी करायच्या. मी म्हणायचो, "भाऊ, डिसेंबरात जा नं." त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे, जणू मी त्यांना रिकाम्या मांडवात जेवायला बोलावलं.

मग वहिनींच्या डोळ्यांचं निघालं. त्या उंबऱ्याला ठेचाळू लागल्या, ताटातली बाजूची भाजी त्यांना दिसेना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधानं जितकी टिकेल तितकी टिकेल. समोरचं तेवढं दिसत होतं, वाटीएवढं. दवाखान्यातून दर्याभाऊ थेट माझ्या दुकानात आले. वैशाख आठ दिवसांवर होता आणि तलावाचं पाणी कमरेला आलं होतं.

"तीन काढ," ते म्हणाले. "तूबी चाल. मले थिकडचं काई समजत नाई."

"भाऊ, जाळं?"

"वढतीन थे त्याईचं त्याई."

दोर पुतण्याच्या हातात देताना मी त्यांना बघितलं आहे. माणूस पोरीची पाठवणी करताना एवढा हळवा होत नाही.

चंद्रपूरहून गाडी सुटली आणि वरोऱ्यालाच त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आला का?" रत्नागिरीपर्यंत मी हिशोबानं एकशे चाळीस वेळा 'नाही' म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षानं एका किनाऱ्यावर सोडलं, आणि देवाची करणी बघा, नेमकी पूर्ण ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं आणि पुढे ओल्या वाळूचं मैदान. दर्याभाऊंनी टोपी काढून हवेत फेकली.

"आटला! म्या म्हनत नव्हतो? आटला का नाई?"

मी ओहोटी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांनी एखाद्याचं खरं ठरत असेल तर आपण कशाला मधे पडा? वहिनींना त्यांनी वाळूवर नीट बसवलं, हनुवटी धरून तोंड पाण्याकडे वळवलं आणि धोतर खोचून स्वतः तळाची पाहणी करायला निघाले. लांब, पार ठिपक्याएवढे झाले. वाळूत बोटं घालून बघत होते, मान हलवत होते, तिथून ओरडून आम्हाला गाळाची प्रत सांगत होते.

पाणी वळलं तेव्हा त्यांची त्याच्याकडे पाठ होती. पायाला लागलं तसे ते दचकले. वर बघितलं, आभाळात ढगाचा तुकडा नाही. पाऊस नसताना तलाव भरायला लागला तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, वरच्या तलावाचा बांध गेला.

"पाळ फुटली! वरतं कुठीतरी पाळ फुटली! उठ वं, उठ!"

आणि ते पळत सुटले. साठी उलटलेला माणूस, धोतर सुटलेलं, दोन्ही हात वहिनींकडे पसरलेले. अख्खा किनारा उभा राहून बघू लागला. येऊन त्यांनी वहिनींना उचललंच, आणि सरळ वरच्या सुरूच्या झाडांत नेऊन ठेवलं. मग वळून माझ्यावर ओरडले, "तू काऊन उभा हायेस बे!"

होड्यांजवळ जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना समजावलं. हे रोजचंच, दिवसातून दोनदा. दर्याभाऊंनी सुटलेलं धोतर नीट खोचलं. मग त्यांनी कामाचं विचारावं तसं विचारलं, "मंग याची राखन कोन करते?"

"राखण कसली? येतो नि जातो."

परतीच्या गाडीत ते मला एवढंच म्हणाले, "गुरुजीले सांगजो, कवाबी जाय म्हना."

दर्याभाऊ जाऊन आता तीन वर्षं झाली. जाळं पुतण्या ओढतो. वहिनींना आता काहीच दिसत नाही. परवा त्यांच्याकडे गेलो होतो, चहा झाला, आणि मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, समुद्र ध्यानात हाये का? कसा होता?"

वहिनींनी कप चाचपडत खाली ठेवला.

"हे पळून राह्यले होते नं," त्या म्हणाल्या, "त्याईच्या मांगं होता."