गाडी लागते का?

पित्ताशय काढायच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरबाई माझ्या खाटेशी आल्या. दमा, बीपी वगैरे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "प्रवासात गाडी लागते का?"

मोठ्या नणंदबाई शेजारी बसल्या होत्या. माझ्यासाठी मुद्दाम सटाण्याहून नाशिकला आल्या होत्या. मी म्हणाले, "नाही."

लागायची. सासरी सटाण्याला पोचेपर्यंत दोनदा पिशवी लागे. पण सासरची माणसं कांद्याच्या व्यापारातली, धट्टीकट्टी. शहरातली सून बसमध्ये ओकते, हे सांगायची लाज वाटे. त्यापेक्षा बोलावणं आलं की शाळेतले पेपर तपासायचेत म्हणणं सोपं होतं. नवराही तेच सांगायचा. अशी अकरा वर्षं गेली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले ती उमाशानेच. एका हाताला सलाइन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा. पोटात काही नव्हतं, तरी उमासे थांबेनात. प्रत्येक वेळी वाटे, आता टाके तुटणार. मान एका अंगाला वळवलेली, समोर नणंदबाईंनी धरलेला ट्रे. दुसरीकडे बघायची सोय नव्हती. सिस्टरनी एक इंजेक्शन दिलं, त्याने काही झालं नाही.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. "खरंच गाडी लागत नाही तुम्हाला?"

"लागते," मी म्हणाले. "लहानपणापासून."

त्या रागावल्या नाहीत. "काल कळलं असतं तर भूल देतानाच उलटीचं जास्तीचं औषध दिलं असतं," एवढंच म्हणाल्या. दुसरं इंजेक्शन द्यायला सांगितलं. उमासा आला की पोटावर उशी दाबून धरायची, घाईने उठायचं नाही.

त्या गेल्यावर नणंदबाईंनी ट्रे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणून येत नव्हती का तू?"

मी होय म्हणून मान हलवली.

"आई जाईपर्यंत म्हणत होती, हिला आपल्या घराची किळस येते."

मला भिंतीकडे तोंड करायचं होतं. सलाइनचा हात तिकडे वळू देईना. त्यांनी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं, ट्रे धुऊन आणला.

संध्याकाळपर्यंत मळमळ ओसरली. नणंदबाईंनी चमच्याने पाणी पाजलं. तीन चमचे पोटात राहिले. चौथा हातात धरून त्या म्हणाल्या, "थांब जरा. घाई नको."

सासूबाई आणखी काय म्हणायच्या, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.